खेळाडूंना मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवावं का?

माणदेशी_मास्तर

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी (मॅटवरच्या) विभागाच्या अंतिम कुस्तीत काय झालं, ते इथल्या बहुतेकांनी पाहिलं असेल. शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. खांदे टेकलेच नाहीत असं राक्षेचं म्हणणं, त्यानं पुन्हा तपासणी मागितली. पुढे पंचाची कॉलर धरणं, लाथ मारणं, सगळं राज्यानं टीव्हीवर बघितलं. त्याच रात्री किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनंही पंचांशी वाद घालून मैदान सोडलं. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

निर्णय बरोबर की चूक, हा वाद इथे नको. त्यावर गावोगावच्या पारांवर पुरेसं बोलून झालंय.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवतो. माझ्या हाताखालची कुस्ती खेळणारी पोरं तेव्हा दुसरं काही बोलतच नव्हती आणि त्यांच्यात पंचाच्या बाजूनं बोलणारा एकही नव्हता. एकानं सरळ विचारलं, "सर, वर्षभर घाम गाळायचा आणि पंचानं एका शिट्टीत घालवायचा, मग त्यानं करायचं तरी काय?" मी अपील समिती, लेखी तक्रार वगैरे सांगितलं. त्यांना ते उत्तरच वाटलं नाही. ज्यानं दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा उचलली त्या राक्षेनं जे केलं, तेच त्यांच्या लेखी उत्तर होतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. आपण खेळाडूचा सत्कार करताना हमखास म्हणतो, "मुलांनो, यांचा आदर्श घ्या." नेमकं काय घ्या? डाव घ्या, की मेहनत, की स्वभाव? आपण सगळं एका गाठोड्यात बांधून पोराच्या डोक्यावर ठेवतो.

माझं मत असं. खेळाडूचा गुण घ्यावा, अख्खा माणूस घेऊ नये. स्वप्नील कुसाळेचं बघा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, वडील शिक्षक, क्रीडा प्रबोधिनीतून वर आलेला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. तो कोणाचं नाव घेतो? नेमबाजाचं नव्हे, धोनीचं. त्याच्या खेळाला जो शांतपणा आणि धीर लागतो तो त्याला धोनीत दिसला. क्रिकेटचं बाकी काहीच त्याच्या कामाचं नव्हतं. एवढं नेमकं घेणं मुलांना शिकवता येईल का, हा माझा प्रश्न. तुमची मतं सांगा.

तांबडी_माती

मास्तर, विषय चांगला काढलात, पण सुरुवात पैलवानापासून केलीत म्हणून बोलतो. मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलोय.

पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग लढत, मग खुराक. बदाम, तूप, दूध, मटण याचा महिन्याचा खर्च काढला तर शेतकरी बापाचं कंबरडं मोडतं. एवढं करून ऐन उमेदीची वर्षं मोजकीच. त्यात दुखापत झाली तर सगळं गेलं. त्या पोराला आदर्श हो असं कोणी शिकवलेलं नसतं, त्याला जिंक असं शिकवलेलं असतं. गदा मिळाली की आमदार फेटा बांधणार, फ्लेक्स लावणार. पाय घसरला की तेच लोक म्हणणार, याला संस्कार नाहीत. लाथ मारली ते वाईटच, बंदीही बरोबर. पण त्याच्यावर आदर्शाचं ओझं कोणी टाकलं तेही बघा.

आमच्यात आदर्श म्हणजे वस्ताद. पैलवान फार तर हिरो. हा फरक तालमीतल्या लहान पोरालाही कळतो. पैलवानाची कुस्ती बघायची, पण ऐकायचं वस्तादाचं. हल्ली पोरं मोबाईलवर कुस्त्या बघून शिकतात. त्यांना डाव सापडतो, वस्ताद सापडत नाही. तुमच्या पोरांना उत्तर का पटलं नाही, ते मला यात दिसतं.

आणि आदर्श म्हणून सांगायचंच असेल तर खाशाबा जाधव सांगा. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग त्यांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यातून आलेल्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. पदकाइतकीच ही गोष्ट मला मोठी वाटते. बघा, यात खर्डेकर सरही आहेत. त्यांचा फोटो कुठल्या शाळेत लागतो?

डेट्रॉईटकर

हाच वाद अमेरिकेत १९९३ मध्ये फार गाजला होता. बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली बुटांच्या जाहिरातीत कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला की मी रोल मॉडेल नाही, आईवडिलांनी रोल मॉडेल व्हावं, मी चेंडू बास्केटमध्ये आपटतो म्हणून तुमची मुलं मी वाढवायची का? अर्धा देश चिडला, अर्ध्याला पटलं. त्याला उत्तर दिलं त्याच्याच तोलाच्या खेळाडूनं, कार्ल मलोननं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की रोल मॉडेल व्हायचं की नाही हे आपण ठरवत नाही, लोक आपल्याला निवडतात. चांगलं व्हायचं की वाईट, एवढंच आपल्या हातात.

मला मलोनचं म्हणणं जास्त पटतं. ज्या जाहिरातीचे पैसे मुलं तुमच्याकडे बघतात म्हणूनच मिळतात, त्याच जाहिरातीत उभं राहून माझ्याकडे बघू नका म्हणता येत नाही.

पण समाज आदर्श ठरवतो त्यावरही माझा फार विश्वास नाही. १९६७ मध्ये मोहम्मद अलीनं व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला. त्याचा किताब काढून घेतला, ऐन भराची तीनेक वर्षं त्याला रिंगबाहेर बसवलं. देशद्रोही म्हणणारे कमी नव्हते. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवायला त्याच देशानं त्याला बोलावलं. १९६७ मधल्या एखाद्या मास्तरांनी अलीचं नाव वर्गात चांगल्या अर्थानं घेतलं असतं तर पालक शाळेत भांडायला आले असते.

निळी_शाई

डेट्रॉईटकर, अमेरिकेचा विषय निघालाय तर सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगबद्दल मला मनापासून लिहायचंय.

माझ्या मावसभावाला कॅन्सर झाला तेव्हा त्याच्या मनगटावर आर्मस्ट्राँगच्या कॅन्सर संस्थेचा तो पिवळा पट्टा असायचा. आर्मस्ट्राँग स्वतः कॅन्सरमधून उठला होता, मेंदू-फुफ्फुसापर्यंत पसरलेल्या आजारातून, आणि नंतर सलग सात वेळा टूर द फ्रान्स जिंकला होता. केमोच्या दिवसांत भाऊ त्याच्या शर्यतींच्या चित्रफिती बघायचा. २०१२ मध्ये उत्तेजकांमुळे ती सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. २०१३ च्या जानेवारीत त्यानं टीव्हीवर कबूलही केलं.

भाऊ तोवर बरा झाला होता. त्याला फार राग आला असेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "त्याचा आजार खरा होता, मी तेवढाच घेतला होता."

मास्तर म्हणतात तसं गुण घ्यावा, माणूस घेऊ नये, हे त्यानं न शिकवता केलं होतं. पण दुसरी बाजूही सांगते. आर्मस्ट्राँगनं खरं बोलणाऱ्या सहकाऱ्यांना, पत्रकारांना वर्षानुवर्षं खोटं पाडलं, कोर्टात खेचलं. तो हे करू शकला कारण त्याच्यामागे माझ्या भावासारख्या लाखो पेशंटांची श्रद्धा उभी होती. त्याच्यावर शंका घेणं म्हणजे आजारी माणसांची उमेद मारणं असं वातावरण झालं होतं. आदर्श केल्यामुळे खेळाडूचं काय होतं यावर आपण बोलतो. त्याच्या आड जे चिरडले जातात त्यांच्यावरही बोलायला हवं.

शिवारातला

मी जरा वेगळा मुद्दा मांडतो. खेळाडू घरी कसा वागतो यात मला रस नाही, तो विकतो काय यात आहे.

सचिनचं उदाहरण दोन्ही बाजूंनी देता येतं. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर त्यानं तंबाखू आणि दारूची जाहिरात कधी केली नाही. १९९६ च्या विश्वचषकात सर्वाधिक ५२३ धावा काढणाऱ्या त्या बॅटवर स्टिकर नव्हतं, आणि त्या स्पर्धेला नाव होतं सिगारेटच्या ब्रँडचं, विल्स वर्ल्ड कप. स्पर्धाच तंबाखूच्या पैशावर आणि सगळ्यात मोठ्या फलंदाजाची बॅट कोरी. गोपीचंदनं २००१ मध्ये ऑल इंग्लंड जिंकल्यावर शीतपेयाची जाहिरात नाकारली, तेही याच जातीचं. बॅडमिंटनपटूला त्या काळात असा पैसा रोज दारात येत नव्हता.

पण पुढे सचिननं ऑनलाइन गेमिंगची जाहिरात केली. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडूंनी त्याच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केलं, तेव्हा बऱ्याच लोकांना ते आवडलं नाही. मला ते रास्त वाटलं. आमच्या भागात पैसे लावून मोबाईलवर टीम बनवणारी पोरं मी पाहिली आहेत. कोणी बैल विकून आलेली रक्कम घालवली, कोणी बहिणीच्या लग्नाची. भारतीय संघाच्या जर्सीवरच २०२३ पासून असल्या ॲपचं नाव होतं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा ते नाव गेलं. कायदेशीर होतं तोवर एकाही मोठ्या खेळाडूनं हे नको म्हणून जाहीर भूमिका घेतल्याचं मला आठवत नाही.

ज्याच्या शब्दावर पोरगं खिशातला पैसा लावतं त्याची जबाबदारी नक्कीच येते. त्याला आदर्श म्हणा किंवा नका म्हणू.

बखरनवीस

सगळ्यांनी अलीकडची उदाहरणं दिली आहेत. मला शंभर वर्षं मागं जाऊ द्या, कारण हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हाच फार खोलवर विचारला गेला होता.

पालवणकर बाळू. १८७६ चा जन्म, चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायचे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचे. डावखुरी फिरकी. पुढे हिंदूंच्या संघात घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेत, पण चहाच्या वेळी बाळूंना चहा वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी. तरीही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं, तेही मोठ्या वादानंतर.

तरुण भीमराव आंबेडकरांना बाळूंबद्दल फार आदर होता. अस्पृश्य समाजातल्या त्या पिढीला बाळू म्हणजे आपल्यातलाही माणूस सगळ्यात वर जाऊ शकतो याचा धडधडीत पुरावा. हिरो या शब्दाला यापेक्षा मोठा अर्थ मला माहीत नाही.

आता पुढचं. १९३२ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसनं बाबासाहेबांसमोर कोणाला उभं केलं? बाळूंना. लढत अटीतटीची झाली आणि बाबासाहेब निवडून आले.

काँग्रेसचा हिशेब सरळ होता. लोक ज्याला मैदानावर पूजतात त्याला मतही देतील. पुष्कळांनी दिलंही असेल. पण त्याहून जास्त मतदारांनी बाळूंची गोलंदाजी आणि बाळूंचं राजकारण वेगवेगळं मोजलं. त्यातल्या कित्येकांनी लहानपणी बाळूंच्या नावानं टाळ्या वाजवल्या असतील. मास्तर, तुम्ही विचारता की एवढं नेमकं घेणं शिकवता येईल का. ज्यांना शाळेत धड बसू दिलं जात नव्हतं अशा मतदारांनी ते १९३७ मध्ये करून दाखवलंय.

तांबडी_माती

बखरनवीस, बाळूंबद्दल एवढं माहीत नव्हतं. निवडणुकीचं तर अजिबात नाही. हे आमच्या तालमीत सांगणार.

सांगलीची_लेक

मी सगळं वाचलं आणि तरी मास्तरांशी पूर्ण सहमत होता येत नाही. "गुण घ्या, माणूस घेऊ नका" हे मुलग्यांना ठीक आहे. त्यांच्यापुढे हिरो ढीगभर, एक पडला तर दुसरा. माझी मुलगी कुस्ती खेळते. तिला डाव शिकवायला प्रशिक्षक आहेत. तिला जे बघायचं असतं ते वेगळंच. ही घरातून बाहेर कशी पडली? पाळीच्या दिवसांत सराव कसा केला? नातेवाईक केसांवरून, कपड्यांवरून बोलले तेव्हा काय केलं? लग्नाचं काय झालं? हे सगळं गुणात बसत नाही, ते माणसातच असतं. तिला अख्खी बाई हवी असते.

३० ऑक्टोबर २०२५ ला जेमिमा रॉड्रिग्जनं क्रिकेट विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामन्यात नाबाद १२७ केल्या. त्या खेळीबद्दल आमच्या घरी बोलणं झालं, पण त्याहून जास्त बोलणं झालं ते सामन्यानंतर ती जे म्हणाली त्यावर. मनाला चिंतेनं ग्रासलं होतं, आईला फोन करून रडायचे, हे तिनं साऱ्या देशासमोर सांगितलं. त्या रात्री माझी मुलगी मला म्हणाली, "मलाही कुस्तीच्या आधी असं होतं." तोवर तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. जेमिमाचा फटका घेऊन ती काय करणार होती? तिनं जेमिमाचं रडणं घेतलं, आणि त्यामुळे आम्हाला पुढे काय करायचं ते कळलं.

आणि २०२३ मध्ये कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांवरून जंतरमंतरवर बसलेल्या कुस्तीगीर विनेश फोगाट आणि साक्षी मलिक. रस्त्यावरून पोलिसांनी फरफटत उचललं ते आमच्या मुलींनी पाहिलं. डिसेंबरमध्ये साक्षीनं पत्रकार परिषदेत टेबलावर बूट ठेवले आणि कुस्ती सोडली. रिओच्या पदकापेक्षा माझ्या मुलीला ते बूट जास्त आठवतात. मला हे आवडतं असं नाही, मला भीती वाटते. पण त्यांना फक्त खेळाडू म्हणून बघ, असं मी तिला कोणत्या तोंडानं सांगू?

डेट्रॉईटकर

सांगलीची लेक, तुमच्या प्रतिसादानंतर बार्कलीची जाहिरात फारच पुरुषी वाटायला लागली. ज्याच्यासारखे शेकडो लोक टीव्हीवर दिसतात, तोच म्हणू शकतो की माझ्याकडे बघू नका.

माणदेशी_मास्तर

सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या मुद्द्यावर बराच विचार केला.

ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या, मोहीच्या. २०१६ मध्ये रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय महिला. नंतर महसूल खात्यात अधिकारी झाल्या. आमच्या मुलींना स्टीपलचेस म्हणजे काय ते नीट सांगता येणार नाही, पण ललिताताई कशा वाढल्या, दुष्काळी भागात अनवाणी कशा धावल्या, हे त्यांना घरच्या माणसांकडून कळलेलं आहे. ओळखीतलं, पाहुण्यांतलं कोणीतरी सांगणारं असतं. तिथे अख्खा माणूस घेतला तरी फसगत होत नाही, कारण खरं-खोटं विचारायला चार माणसं जवळ असतात. पडद्यावरच्या माणसाबद्दल ते करता येत नाही. तुमच्या मुलीनं जेमिमाचं जे घेतलं ते जेमिमानं स्वतःहून समोर ठेवलं होतं, कोणी सजवून विकलेलं नव्हतं. हा फरक मला मोठा वाटतो.

तांबडी माती, ओझ्याचा मुद्दा मान्य. पण ओझं लोकांनी टाकलं म्हणून पंचाला लागलेली लाथ हलकी होत नाही. तोही कुठल्यातरी तालमीतच वाढलेला माणूस असतो आणि आमच्या तालुक्याच्या स्पर्धांना पंच मिळेनासे झालेत. मानधन तुटपुंजं, वर गर्दीची दमदाटी. या वर्षी मी वरच्या वर्गातल्या मुलांना आळीपाळीनं खालच्या वर्गाच्या कुस्त्यांना पंच म्हणून उभं करणार आहे, शिट्टी हातात देऊन. खांदे टेकले की नाही हे त्या क्षणात सांगायचं. कोणी असं आधी केलं असेल तर कळवा. विशेषतः मुलं निर्णयावर ओरडायला लागली की मोठ्यांनी मध्ये पडायचं की नाही, ते हवंय.

तांबडी_माती

आम्ही केलंय मास्तर. मध्ये पडायचं नाही. फक्त पहिल्या दिवशी एक ठरवून द्यायचं, की ज्याच्या विरुद्ध निर्णय गेला त्याच्याच हातात पुढच्या कुस्तीची शिट्टी. आणि वयानं लहान पोराला पंच करा, मोठ्याला नको. मोठ्याचं भीतीनं ऐकतात, त्यातून काही शिकत नाहीत. आमच्याकडे पहिले काही दिवस फार भांडणं झाली, एकदा तर दोन बाप आले. वस्तादांनी त्यांनाही पंच म्हणून उभं केलं.

सांगलीची_लेक

मुलींनाही पंच करा, मास्तर. मुलांच्या कुस्त्यांना.

माणदेशी_मास्तर

करतो. आठवीतल्या दोघी तयार आहेत, सोमवारी विचारून बघतो.